'किक द बकेट'मधली बकेट कोणती?

इंग्रजीत 'किक द बकेट' म्हणजे मरणे. बकेट म्हटलं की आपल्यासमोर न्हाणीघरातली बादली येते आणि तिथेच अर्थाचा माग चुकतो. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली लंडनमध्ये गावंढळ आणि रस्त्यावरच्या इंग्रजीचा कोश काढला, त्यात हा वाक्प्रचार 'मरणे' याच अर्थाने आहे.

गळफास घेणारा बादलीवर चढतो आणि ती लाथेने उडवतो, ही व्युत्पत्ती सगळीकडे सांगितली जाते. ती पटत नाही, कारण हा प्रयोग आत्महत्येपुरता कधीच नव्हता. अंथरुणावर आलेल्या मरणालाही तो चालतो.

इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या बोलीतला पुरावा जास्त वजनदार आहे. तिथे 'बकेट' म्हणजे ओझं टांगायचा आडवा वासा. कापलेलं डुक्कर मागच्या पायांनी बांधून त्या वाशाला उलटं टांगत. जीव गेल्यावरही स्नायूंना काही वेळ आचके येतात, पाय झटकले जातात आणि वाशावर आदळतात. 'बकेटला लाथ' ती हीच असावी. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' नाटकाच्या दुसऱ्या भागात बीअर गाळणाऱ्याची 'बकेट' येते. तीही बादली नव्हे, आपल्या कावडीसारखं खांद्यावरचं लाकूड, असा अर्थ लावतात.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. याचा बाज 'गचकला'चा आहे, 'देवाज्ञा झाली'चा नाही. शोकसंदेशात हा शब्दप्रयोग गेला तर घरच्यांच्या जिव्हारी लागेल. तिथे 'पास्ड अवे' लिहावं. दुसरं, वाक्यरचना फिरवता येत नाही. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की मरण निघून जातं आणि खरीखुरी बादली उरते. महिनाभर झिजून चाललेल्या माणसाबद्दल 'ही इज किकिंग द बकेट' असंही म्हणत नाहीत, कारण यात मरणाचा क्षण आहे, मरणपंथाला लागणं नाही.

आपल्याकडे रूढ असलेलं 'एक्स्पायर झाले' मूळचं लॅटिन, 'श्वास बाहेर सोडणे' या अर्थाचं. ब्रिटनमध्ये आता बोलताना पासपोर्ट किंवा औषधच एक्स्पायर होतं, त्यामुळे तिथे माणसाबद्दल ते कानाला खटकतं.

'बकेट लिस्ट' मात्र अगदी अलीकडची. २००७ च्या हॉलिवूड चित्रपटाने ती जगभर नेली: मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी. २०१८ मध्ये माधुरी दीक्षित यांचा याच नावाचा मराठी चित्रपट आला. आता सुट्टीत पाहायच्या किल्ल्यांच्या यादीलाही आपण बकेट लिस्ट म्हणतो.