खुलासा : नव्या घराचं शुल्क जुन्या खड्ड्यांसाठी नसतं

कॅलिफोर्नियात नवं घर घेतलेली आपली मंडळी वर्षानुवर्षं विचारतात, 'बिल्डरनं इम्पॅक्ट फी भरली, मग रस्त्यावरचे खड्डे का बुजत नाहीत?' कारण नव्या बांधकामावर स्थानिक प्रशासन आकारतं ती ही फी खड्ड्यांसाठी नसतेच. नव्या वस्तीमुळे वाढणाऱ्या वाहतुकीला लागणारी जादा लेन, रुंद चौक, महामार्गावरचा इंटरचेंज यांच्या खर्चातला वाटा तिच्यातून येतो. आधीपासूनच्या उणिवांचा बोजा नव्या बांधकामावर टाकायला या फीचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या 'मिटिगेशन फी ॲक्ट'ची मनाई आहे, आणि हे मला न्याय्यच वाटतं. पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. पाच वर्षांनी काही उरला असेल तर त्याचा हेतू लेखी मांडावा लागतो, नाहीतर तो परत करायचा. डागडुजी होते ती मुख्यतः इंधनकरातून.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही फी रद्द केली, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीनं (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनानं) एका घरमालकाकडून वाहतुकीपोटी २३,४२० डॉलर घेतले होते. कायदेमंडळानं दर ठरवला म्हणून शुल्काला घटनात्मक कसोटीतून (म्हणजे ते बांधकामाच्या परिणामाशी निगडित आणि प्रमाणात आहे का, या तपासणीतून) सूट मिळत नाही, एवढंच न्यायालयानं सांगितलं. ते शुल्क वैध की अवैध, हे ठरवायला प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेलं.