अरमंडी उघडते खुब्यातून

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरातले भरतनाट्यमचे वर्ग भरून जातात. वर्ग बहुधा कुणाच्या तरी घरी, शहाबादी फरशीवर. थोड्याच दिवसांत एखादी मुलगी सांगते, गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. घरी तेल चोळतात, वर्गात ‘सवय होईल’ असं सांगतात. या ‘सवय होईल’ला माझा ठाम विरोध आहे.

भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे वाकलेले आणि पावलं बाहेर वळलेली असतात. हे वळण खुब्यातून यायला हवं. मांडी खुब्यात बाहेर किती वळेल, हे बऱ्याच अंशी हाडांच्या ठेवणीवर ठरतं. अनेकांमध्ये ते ४५ अंशांच्या आसपास असतं. दोन्ही पावलं एका सरळ रेषेत आणायची तर प्रत्येक पाय ९० अंश वळायला हवा. उरलेलं वळण मग गुडघा आणि घोट्यातून ओढून काढलं जातं. सरळ गुडघा जवळजवळ वळतच नाही, पण वाकलेला थोडा वळतो. म्हणूनच अरमंडीत पावलं जबरदस्तीने फाकवता येतात, आणि प्रत्येक अडवूत (नृत्याच्या मूळ हालचालीत) ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधांवर (लिगामेंटवर) येतो.

आरशासमोर अरमंडीत बसा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. ती आत झुकत असेल तर पावलं कमी वळवा, रेषा सुंदर दिसली नाही तरी चालेल. कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळवून वरचा गुडघा सावकाश उघडायचा व्यायाम केल्यास मांडी बाहेर वळवणारे स्नायू बळकट होतात.

फरशी मात्र आघात जिरवत नाही. चादर किंवा सतरंजी अंथरू नका. ती सरकते आणि घोटा मुरगळतो. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन उत्तम. ती नसेल तर सलग पाय आपटण्याचा वेळ कमी करा.

नडगी बऱ्याच लांबीत ठसठसत असेल तर बहुतेकदा सराव कमी केल्याने आराम पडतो. पण एका बोटाने दाबून नेमकी जागा दाखवता येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा नाचायला उभं करू नका; अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. पाळी लांबत असेल तर तेही सांगा, कारण कमी पडणाऱ्या आहाराचा परिणाम पाळीसारखाच हाडांवरही होतो. हाड भरायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हस्तमुद्रा, अभिनय आणि हाताने ताल धरणं बसूनही शिकता येतं.