पद्धत बदलली, क्वार्टरबॅक उजळला : जो बरोच्या २०१९च्या हंगामाचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला १९३५पासून हाइझमन करंडक दिला जातो. २०१९चा हंगाम सुरू होताना या करंडकासाठी क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि अलाबामाचा टुआ टागोवाइलोआ या दोन क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंची, नावे सर्वांच्या तोंडी होती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या, जो बरोकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते आणि त्याला कारणही होते. २०१८मध्ये त्याचे ३७९पैकी २१९ पास, म्हणजे ५७.८ टक्के, यशस्वी झाले होते आणि त्यांतून टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) झाले होते फक्त १६. डिसेंबर २०१९मध्ये त्याच बरोने हाइझमन जिंकला, आणि तोही मतदानातील तोपर्यंतच्या सर्वांत मोठ्या गुणफरकाने. मधल्या काळात एलएसयूची आक्रमणाची पद्धत बदलली होती. मग या यशात पद्धतीचा वाटा किती आणि माणसाचा किती?

हा खेळ मुख्यतः हाताने खेळला जातो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू हाती आल्यावर तो धावणाऱ्याकडे सोपवायचा की पुढे फेकायचा, हे क्वार्टरबॅकला ठरवावे लागते आणि फेकायचा असल्यास त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. म्हणून त्याचे कौशल्य मनगटाइतकेच निर्णयाचे असते. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांनी २०१९च्या आरंभी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या २९ वर्षांच्या सहायकाला आणले. त्यांनी आणि आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर यांनी मिळून जी रचना बसवली, तिने नेमका हा निर्णय सोपा केला.

पहिला भाग भूमितीचा आहे. मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे सुमारे ४९ मीटर, असते. एलएसयू अनेकदा पास झेलण्याची मुभा असलेल्या पाचही खेळाडूंना या रुंदीभर पसरवत असे. त्यांच्यामागे बचाव करणाऱ्यांनाही पांगावे लागते आणि कोण कोणावर नजर ठेवून आहे, हे चेंडू खेळात येण्यापूर्वीच बऱ्याच अंशी उघड होते. याची किंमतही आहे. क्वार्टरबॅकच्या संरक्षणाला फक्त पाच लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, उरतात. प्रतिस्पर्ध्याने सहा जण धाडले, तर एक जण मोकळा अंगावर येतो. मात्र तो सहावा जिथून आला, तिथली जागा रिकामी झालेली असते.

दुसरा भाग मानसशास्त्राचा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२मध्ये दाखवून दिले, की पर्याय वाढतात तसा निर्णयाला लागणारा वेळ वाढतो, आणि ही वाढ लॉगॅरिदमच्या प्रमाणात असते. ब्रेडी यांच्या आवडत्या ‘रन-पास ऑप्शन’मध्ये क्वार्टरबॅकने बचावातील एकाच खेळाडूकडे, बहुधा लाइनबॅकरकडे (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे), पाहायचे असते. तो धावणाऱ्याला रोखायला पुढे सरसावला, तर त्याच्या पाठीमागे पास द्यायचा. तो मागे हटला, तर चेंडू धावणाऱ्याच्या हाती ठेवायचा. अनेक पर्यायांचा प्रश्न दोन पर्यायांवर येतो. महाविद्यालयीन नियमही याला अनुकूल आहेत : पास जाण्यापूर्वी लाइनमनला तीन यार्डांपर्यंत (एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) पुढे जाता येते, तर व्यावसायिक खेळात जेमतेम एक यार्ड.

तरीही पद्धत सगळे काही करत नाही, हे ७ सप्टेंबर २०१९ रोजी टेक्सासविरुद्ध दिसले. अडीच मिनिटांहून कमी वेळ उरला होता, एलएसयू आघाडीवर होते आणि चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात १७ यार्ड हवे होते. अशा वेळी बहुतेक संघ धाव घेऊन घड्याळ चालू ठेवतात. एलएसयूने पास निवडला. टेक्सासने जादा खेळाडू अंगावर धाडले. बरो मागे पळण्याऐवजी पुढे सरकला, डावीकडे वळला आणि त्याने जस्टिन जेफरसनला पास दिला. ६१ यार्डांचे टचडाउन झाले आणि सामना ४५-३८ असा जिंकला. अंगावर माणसे येत असताना नजर दूरवर ठेवण्याचे हे काम कोणताही आराखडा कागदावर करून देत नाही.

आता आकडे पाहू. महाविद्यालयीन खेळात क्वार्टरबॅकची कार्यक्षमता एका सूत्राने मोजतात : यार्डांची ८.४ पट, टचडाउनची ३३० पट आणि यशस्वी पासची १०० पट यांच्या बेरजेतून, प्रतिस्पर्ध्याने अडवून झेललेल्या पासची २०० पट वजा करायची आणि एकूण पासांनी भागायचे. २०१८मध्ये बरोचा निर्देशांक १३३.२ होता. २०१९मध्ये ५२७पैकी ४०२ पास, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन आणि फक्त ६ अडवलेले पास यांमुळे तो २०२.० झाला. ही सुमारे ६९ गुणांची वाढ सुटी करून पाहिली, तर २६ गुण यार्डांमुळे, २४ गुण टचडाउनमुळे आणि १८-१९ गुण पासच्या अचूकतेमुळे आले. अडवलेल्या पासांचा वाटा अर्ध्या गुणापेक्षाही कमी आहे. मला हा तपशील सर्वांत बोलका वाटतो. चुकीचा पास न देण्याची सावधगिरी बरोकडे आधीपासूनच होती. वाढले ते प्रत्येक पासमागे मिळणारे फळ, आणि मोकळे खेळाडू सापडू लागले की नेमके हेच वाढते.

ही वाढ योगायोगाची असू शकेल का? ५७.८वरून ७६.३ टक्क्यांवर झालेली झेप, पासांची संख्या लक्षात घेता, निव्वळ नशिबाने अपेक्षित असलेल्या चढउताराच्या सुमारे सहापट आहे. नशिबाचा मुद्दा त्यामुळे निकालात निघतो, पण श्रेयाची वाटणी निघत नाही. जेफरसन आणि जमार चेस हे दोघेही पुढे व्यावसायिक खेळातील आघाडीचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, ठरले, आणि देशातील लाइनमनच्या सर्वोत्तम आक्रमक फळीला मिळणारा जो मूर पुरस्कार त्या वर्षी एलएसयूच्या फळीला मिळाला. शिवाय १ जानेवारी २०१९ रोजी, जुन्याच पद्धतीत खेळताना, बरोने फिएस्टा बोल या हंगामअखेरच्या सामन्यात यूसीएफविरुद्ध (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध) ३९४ यार्ड आणि ४ टचडाउन केले होते. सुधारणा नव्या पद्धतीच्या आधीच सुरू झाली होती, याचा हा पुरावा मी फार महत्त्वाचा मानतो.

करंडकासाठी मात्र आकडे पुरत नाहीत. २०२१मध्ये वेस्टर्न केंटकीचा बेली झॅपी आपल्या आधीच्या विद्यापीठातील आक्रमण-समन्वयक झॅक किट्ली यांच्यासह नव्या संघात आला आणि त्याने ५,९६७ यार्ड व ६२ टचडाउन असे दोन विक्रम केले. तरी हाइझमन मिळाला तो अलाबामाच्या ब्राइस यंगला. मतदार मुख्यतः पत्रकार आणि आधीचे विजेते असतात, आणि ते मोठ्या संघांविरुद्धचे विजय पाहतात. बरोच्या पदरात ९ नोव्हेंबरचा अलाबामावरील ४६-४१ असा विजय होता. मतदान बाद फेरीच्या आधी होते, त्यामुळे ओक्लाहोमाविरुद्धची ७ टचडाउन आणि क्लेमसनविरुद्धच्या अंतिम सामन्यातील ५ टचडाउन मतांमध्ये धरली गेलीच नाहीत.

पुढच्या हंगामात एलएसयूचे पाच विजय आणि पाच पराभव झाले. बरो, जेफरसन आणि ब्रेडी व्यावसायिक खेळात गेले होते आणि चेसने तो हंगाम खेळणे टाळले होते, म्हणून हा प्रयोगही स्वच्छ राहिला नाही. तरी सगळे पुरावे एकत्र ठेवल्यावर मला वाटते, की नव्या पद्धतीने बरोला मोकळी जागा दाखवली, आणि ती अडीच सेकंदांत ओळखून तिथे चेंडू पोहोचवण्याचे काम त्याचे एकट्याचे होते.