आनापान (आनापानसती)

आनापान : येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास जसा आहे तसा जाणत राहण्याची बौद्ध ध्यानपद्धती. पाली ग्रंथांत तिला ‘आनापानसति’ व संस्कृत बौद्ध ग्रंथांत ‘आनापानस्मृति’ म्हटले आहे. श्वास रोखणे, लांबवणे किंवा त्याची लय बदलणे हा या साधनेचा भाग नाही आणि याच बाबतीत ती प्राणायामापासून वेगळी पडते. योगसूत्रांत (२.४९) श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद हीच प्राणायामाची व्याख्या आहे, आनापानात गतीला हातच लावायचा नसतो. नाथपंथातील अजपाजपाशीही तिचे वरवर साम्य दिसते. अहोरात्रात होणाऱ्या २१,६०० श्वासांबरोबर ‘सोऽहम्’ आपोआप जपला जातो, अशी तेथील धारणा आहे. तेथे श्वासाला मंत्राची जोड असते. आनापानात ती आवश्यक नाही. थायलंडमधील काही अरण्यवासी भिक्षुपरंपरा श्वासाबरोबर ‘बुद्धो’ हा शब्द घेतात, तर महाराष्ट्रात परिचित असलेल्या विपश्यना शिबिरांत कोणताही शब्द किंवा प्रतिमा जोडण्यास स्पष्ट मनाई असते.

उगम : ही साधना बुद्धापूर्वी होती काय, याबद्दल एकमत नाही. अट्ठकथाकारांच्या (पाली ग्रंथांच्या प्राचीन टीकाकारांच्या) मते सर्व प्रकारांनी युक्त अशी आनापानसती केवळ बुद्धशासनातच आढळते. उलट, उपनिषदांतील प्राणचर्चा आणि जैनांच्या कायोत्सर्गात श्वासोच्छ्वासाने काळ मोजण्याची रीत यांकडे बोट दाखवून, श्वासावर लक्ष ठेवण्याची कल्पना श्रमण-ब्राह्मण परंपरांना समान असावी, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात. बोधिसत्त्वाने (बुद्धत्वापूर्वीच्या गौतमाने) लहानपणी जांभळीच्या झाडाखाली बसून पहिले ध्यान प्राप्त केले, ही मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहातील (सुत्त ३६) हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण मूळ सुत्तात तेथे श्वासाचा उल्लेख नाही. बालकाने आनापान धरून ते ध्यान साधले, हे जातकाच्या निदानकथेत येते, म्हणजे ती नंतरची भर असण्याचा संभव आहे. त्याच सुत्तात श्वास कोंडून करण्याच्या ‘अप्पाणक’ ध्यानाचे वर्णन मात्र सविस्तर आहे. बोधिसत्त्वाने ते करून पाहिले, कानांत वाऱ्याचे प्रचंड आवाज झाले, डोक्यात तीव्र वेदना उठल्या, आणि त्याने तो मार्ग सोडला. श्वासाची साधना आधीपासून होती, पण श्वासाला न छेडता जाणत राहणे आणि त्याच सूत्रात वेदना व चित्त यांचे निरीक्षण ओवणे हे बौद्ध परंपरेचे स्वतःचे देणे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कालनिश्चिती सुत्तांच्या एकूण कालनिश्चितीइतकीच सैल आहे. पाली तिपिटक श्रीलंकेत इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास लिपिबद्ध झाले, असे परंपरा सांगते. त्यातील आशय त्याहून बराच जुना असावा. बाहेरचा भक्कम पुरावा चीनमध्ये मिळतो. इ. स. १४८ च्या सुमारास लोयांगला आलेला पार्थियन भिक्षू आन शिगाओ याने आनापानावरील ग्रंथ चिनी भाषेत आणला. त्याच्या प्रचलित पाठात मूळ व टीका यांची सरमिसळ झाल्याचा संशय पूर्वीपासून होता. १९९९ मध्ये जपानमधील ओसाका परिसरातील कोंगो-जी या मठात एक वेगळा हस्तलिखित पाठ उजेडात आल्यावर या चर्चेला नवे वळण मिळाले.

मूळ ग्रंथ : मुख्य आधार म्हणजे मज्झिमनिकायातील आनापानसतिसुत्त (११८). श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात, कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री भिक्षुसंघापुढे हा उपदेश झाल्याचे त्यात म्हटले आहे. संयुत्तनिकायात या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे (५४), राहुलाला केलेल्या उपदेशात (मज्झिम ६२) ही साधना येते आणि सतिपट्ठानसुत्ताची सुरुवात तिच्यापासूनच होते.

सुत्तात सोळा पायऱ्या चार चतुष्कांत मांडल्या आहेत. लांब श्वास, आखूड श्वास, ‘सर्व काया’ आणि कायसंस्कार शांत करणे हे पहिले चतुष्क. नंतर प्रीती, सुख, चित्तसंस्कार व त्यांचे शमन. मग चित्ताला जाणणे, प्रमुदित करणे, समाहित करणे, मुक्त करणे. शेवटी अनित्य, विराग, निरोध व प्रतिनिसर्ग (त्याग) यांचे अनुदर्शन. संयुत्तनिकायाला समांतर असलेल्या आणि चिनी भाषांतरात उरलेल्या संयुक्तागमात शेवटच्या चतुष्काचा क्रम वेगळा आहे. तेथे अनित्यानंतर प्रहाण (सोडून देणे), मग विराग व निरोध येतात. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी सुत्तात ‘पजानाति’ (जाणतो) आणि पुढील चौदांसाठी ‘सिक्खति’ (शिकतो) हे क्रियापद वापरले आहे. सुरुवातीला करण्यासारखे काही नसून केवळ जाणायचे असते, ही नवशिक्याला दिली जाणारी सूचना येथून येते.

आत येणारा श्वास कोणता व बाहेर जाणारा कोणता, यावरही जुना वाद आहे. विनयाची (भिक्षुनियमांच्या ग्रंथाची) अट्ठकथा ‘अस्सास’ म्हणजे बाहेर जाणारा श्वास मानते, सुत्तांच्या अट्ठकथा नेमके उलट, बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या साधनाविषयक पाली ग्रंथात (इ. स. पाचवे शतक) दोन्ही मते नोंदवली आहेत. अभिधर्मकोशभाष्य या संस्कृत बौद्ध ग्रंथात ‘आन’ आत येणारा व ‘अपान’ बाहेर जाणारा आहे, तर छांदोग्योपनिषदावरील (१.३.३) शांकरभाष्यात प्राण बाहेर जाणारा आणि अपान आत ओढला जाणारा. साधनेत यामुळे फरक पडत नाही.

लक्ष कोठे ठेवावे : फरक पडतो तो या प्रश्नाने, आणि त्यावरील मतभेद आजही मिटलेला नाही. सुत्तात भिक्षू ‘परिमुखं सतिं उपट्ठपेत्वा’ (स्मृती, म्हणजे सजगता, समोर स्थापून) बसतो, एवढेच आहे. शरीरातील ठिकाण सांगितलेले नाही. अभिधम्मपिटकातील विभंगाने ‘परिमुख’चा अर्थ नाकाचे टोक किंवा ‘मुखनिमित्त’ (वरच्या ओठाचा मध्य) असा लावला. पटिसंभिदामग्गात त्या शब्दाची फोड निराळी, काहीशी व्युत्पत्तिप्रधान आहे. पण तेथील प्रसिद्ध दृष्टांत याच ठिकाणाकडे नेतो. ओंडका कापणाऱ्याचे लक्ष करवतीचे दात लाकडाला जेथे टेकतात तेथे असते. येणाऱ्या-जाणाऱ्या दातांमागे ते धावत नाही, तरीही ते दात त्याला अज्ञात नसतात. विसुद्धिमग्ग हाच धागा पुढे नेतो. लांब नाकाच्या माणसाला श्वासाचा स्पर्श नाकाच्या टोकाशी जाणवतो, आखूड नाकाच्या माणसाला वरच्या ओठावर, इतका तपशील तेथे आहे. श्वासामागे आत-बाहेर धावल्यास मन विक्षिप्त होते, असाही त्याचा इशारा आहे.

उत्तरेकडील सर्वास्तिवादी परंपरा मात्र हाच पाठलाग ‘अनुगम’ नावाची रीतसर पायरी मानते. अभिधर्मकोशभाष्यानुसार साधक श्वासाबरोबर कंठ, हृदय, नाभी, कंबर असा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि ‘स्थान’ या पुढच्या पायरीत नासाग्रापासून अंगठ्यापर्यंत स्थिर झालेला श्वास पाहतो. गणना, अनुगम, स्थान, उपलक्षणा, विवर्तना व परिशुद्धी ही त्या परंपरेची षट्सूत्री चीनमध्ये रुजली. सहाव्या शतकात झीयी या आचार्याने तिच्यावर स्वतंत्र विवेचन केले.

तिसऱ्या पायरीतील ‘सब्बकाय’ हे पद याच वादाचे दुसरे टोक. विसुद्धिमग्गाच्या मते येथे काया म्हणजे श्वासाची काया, म्हणजेच आदि-मध्य-अंतासह संपूर्ण श्वास. दुसऱ्या वाचनानुसार ती प्रत्यक्ष शरीर. विसाव्या शतकात वादाला तिसरा पक्ष मिळाला. ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) पोटाच्या फुगण्या-बसण्यावर लक्ष ठेवायला शिकवत. १९५० च्या दशकात ही पद्धत श्रीलंकेत आली तेव्हा कोलंबोच्या वजिरारामातील सोम, कस्सप व खेमिंद या थेरांनी ती ग्रंथसंमत नसल्याची टीका केली. हे वायोधातूचे निरीक्षण आहे, असा महासी पक्षाचा खुलासा होता. एकूण पाहता, नासाग्राचे स्थान अट्ठकथांहून जुने आणि अभिधम्माइतके प्राचीन आहे हे खरे. पण सुत्ताने ते नेमून दिलेले नाही हेही तितकेच खरे. श्वासाचा स्पर्श जेथे स्पष्ट जाणवेल तेथे लक्ष ठेवावे, ही विसुद्धिमग्गातील नाकाच्या लांबी-आखूडपणाच्या तपशिलामागची भूमिका नवशिक्याला सर्वांत उपयोगी पडणारी आहे.

अभ्यास : मांडी घालून, किंवा गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर, पाठ व मान सरळ पण ताण न देता बसतात. डोळे व तोंड मिटलेले असते. श्वास उजव्या नाकपुडीतून येतो की डाव्या, लांब आहे की आखूड, एवढेच पाहायचे. मन पळते, ते पळाले हे कळताच न रागावता, न खंतावता पुन्हा श्वासावर यायचे. नवशिक्यांचा सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. मन न पळणे ही यशाची खूण मानली जाते आणि दोन-चार बैठकींत निराशा येते. वास्तविक पळालेले मन लक्षात येणे हाच अभ्यास आहे.

मन फारच चंचल असेल तर विसुद्धिमग्ग श्वास मोजायला सांगतो. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहापलीकडे नेऊ नये, कारण पहिल्यात मन आखडते आणि दुसऱ्यात ते श्वास सोडून आकड्यांना धरून बसते. लक्ष टिकू लागले की मोजणी सोडून द्यायची असते. झेन पंथातही एक ते दहा मोजण्याची रीत आहे.

पुढची अडचण अधिक नाजूक असते. इतर ध्यानविषय अभ्यासाने ठळक होतात, हा मात्र सूक्ष्म होत जातो आणि एखाद्या वेळी श्वास थांबल्यासारखाच वाटतो. विसुद्धिमग्गाचा सल्ला असा : आसनावरून उठू नये. श्वास कोणाला नसतो याचा विचार करावा : गर्भस्थ, पाण्यात बुडालेला, बेशुद्ध, मृत, चौथ्या ध्यानात गेलेला इत्यादी. आपण त्यांपैकी नाही, तेव्हा श्वास आहेच, केवळ तो टिपण्याइतकी स्मृती तीक्ष्ण नाही, असे जाणून स्पर्शाच्या ठिकाणी वाट पाहावी. शिबिरांतील सूचना याहून सोपी आहे. तेथे काही श्वास जाणूनबुजून जरा जोराने घ्यायला आणि लगेच नैसर्गिक श्वासावर परतायला सांगतात. प्रकाश, ठिपके, रंग दिसू लागल्यास दोन परंपरांचे मार्ग वेगळे होतात. विसुद्धिमग्गात अशा निमित्ताला (मनापुढे उमटणाऱ्या खुणेला) ध्यानाकडे नेणारा टप्पा म्हटले आहे. विपश्यना शिबिरांत त्याकडे दुर्लक्ष करायला सांगतात.

आधुनिक प्रसार : गृहस्थांमध्ये ही साधना पसरली ती मुख्यतः ब्रह्मदेशातून. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या ब्रह्मी भिक्षूंनी आनापानावर स्वतंत्र ‘दीपनी’ (विवरणग्रंथ) लिहिली; त्यांच्या परंपरेत सया तेजी (१८७३–१९४५) हे शेतकरी आणि ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे ऊ बा खिन यांचे शिष्य. १९६९ मध्ये ते भारतात आले व जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान असते. लक्षाचे क्षेत्र आधी संपूर्ण नाक, मग नाकपुड्यांखालची व वरच्या ओठावरची लहानशी जागा असे आवळत नेतात. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. पहाटे चारची घंटा, आर्यमौन आणि शुल्काऐवजी दान ही या शिबिरांची ओळख. ‘इगतपुरीला बसून आलो’ असे मराठीत कोणी म्हणाले, तर हेच अभिप्रेत असते. मुलांसाठी केवळ आनापानाची छोटी शिबिरे १९८६ पासून होऊ लागली; महाराष्ट्र शासनाच्या ‘मित्र’ उपक्रमातून ती साधना शाळांत गेली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या मराठी समाजात दुसरा प्रवाह त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचा (२०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ) आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात रुजलेल्या या संघटनेत तिचे संस्थापक, इंग्रज भिक्षू संघरक्षित यांनी आखलेली चार टप्प्यांची आनापानसती मैत्रीभावनेबरोबर शिकवतात. त्यांत श्वास सोडल्यावर मोजणे, घेण्याआधी मोजणे, न मोजता पाहणे आणि शेवटी स्पर्शबिंदूवर स्थिरावणे असा क्रम असतो.

मराठी वाङ्मयात या विषयाचा पाया धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी घातला. मूळचे गोव्यातील साखवाळचे कोसंबी ब्रह्मदेश व श्रीलंकेत पाली शिकले. विसुद्धिमग्गाची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली आणि त्याच ग्रंथाच्या आधारे त्यांनी ‘समाधिमार्ग’ (१९२५) हे मराठी पुस्तक आधीच लिहिले होते. कान्हेरी, कार्ले, भाजे येथील विहारांतील निवासकोठड्या ध्यानासाठीही वापरल्या जात असाव्यात. परंतु आनापानाशी त्यांचा थेट संबंध दाखवणारा पुरावा नाही.

परिणाम आणि सावधगिरी : श्वासावरील लक्ष हा घटक असलेल्या ध्यानकार्यक्रमांवर बरेच वैद्यकीय संशोधन झाले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७ चाचण्यांच्या (३,५१५ सहभागी) एका पद्धतशीर आढाव्यात चिंता, नैराश्य व वेदना यांत सुधारणा होत असल्याचा मध्यम प्रतीचा पुरावा आढळला; औषधोपचार, व्यायाम किंवा इतर वर्तनोपचारांपेक्षा ध्यान अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. या चाचण्यांतील कार्यक्रम संमिश्र असल्याने हे निष्कर्ष शुद्ध आनापानाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

प्रत्येक ध्यान प्रत्येकाला मानवतेच असे नाही, याची जाणीव पाली ग्रंथांतही आहे. वैशालीत शरीराच्या अशुभतेवर ध्यान करताना काही भिक्षूंनी देहाच्या किळसेपोटी जीव दिला, त्यानंतर आनंदाच्या विनंतीवरून बुद्धाने संघाला आनापान सांगितले, अशी कथा संयुत्तनिकायात (५४.९) व विनयपिटकात आहे. शांत व सौम्य मानल्या गेलेल्या या साधनेतही सलग अनेक दिवसांच्या मौनातील अभ्यास आणि घरी रोज दहा-पंधरा मिनिटे बसणे यांत मोठे अंतर आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दीर्घ शिबिराला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. विपश्यना केंद्रांच्या प्रवेश-अर्जातही मानसिक आजारांची व चालू औषधांची माहिती विचारली जाते.

(पहा : प्राणायाम, विपश्यना, विसुद्धिमग्ग.)