इराण्यांना ‘स’ म्हणता येत होता

पंधरा ऑगस्ट जवळ आला की सांगली-मिरजेच्या मोबाइलवर एक जुना संदेश हमखास फिरू लागतो: ‘इंडिया’ हे नाव म्हणे ‘इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट’ याच्या आद्याक्षरांतून झाले. ईस्ट इंडिया कंपनीला सनद १६०० सालीच मिळाली होती, एवढे आठवले तरी हा दावा निकालात निघतो. अनोळखी नावाचे ओळखीचे तुकडे पाडून अर्थ बसवण्याच्या या रीतीला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ‘सहा गल्ल्यांची ती सांगली’ असे सांगणाऱ्या आपल्या गावाला ती परकी नाही.

त्याहून चिवट समज असा, की इराण्यांना ‘स’ उच्चारता येत नव्हता, म्हणून त्यांनी ‘सिंधू’चे ‘हिंदू’ केले. इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील, इराणी सम्राट पहिला दारयवहू (डेरियस, इ.स.पू. ५२२–४८६) याच्या शिलालेखात, ताब्यातील प्रदेशांच्या यादीत, ‘हिंदुश’ आहे खरे, पण त्याच लेखात राजा स्वतःला ‘पार्स’ (म्हणजे पर्शियन) म्हणवतो आणि ‘पार्साचा’ या अर्थी ‘पार्सह्या’ असे रूप वापरतो. एकाच शब्दात ‘स’ शाबूत आहे आणि संस्कृतातील ‘स्य’ प्रत्ययाच्या जागी मात्र ‘ह्या’ आहे. मग जीभ अडखळत होती असे कसे म्हणावे?

संस्कृत आणि इराणी भाषा एकाच मूळ भाषेतून फुटल्या. ‘स’ म्हणताना जीभ दातांमागे अगदी अरुंद फट ठेवते. ती सैल पडली की उरतो नुसता श्वास, म्हणजे ‘ह’. इराणी शाखेत स्वरापूर्वीचा जुना ‘स’ असा नियमाने सैल पडला: सप्त–हप्त, असुर–अहुर, सोम–हओम. पुढे ‘त’ असल्यास जिभेला दातांकडेच जायचे असते, त्यामुळे तेथे तो टिकला. ‘अस्ति’ अवेस्तेतही (पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथातही) ‘अस्ति’च आहे. अवेस्तेतील ‘सत’ आणि ‘दस’ (आपले शत आणि दश) यांतला ‘स’ निराळ्या, तालव्य (टाळूवरच्या) ध्वनीतून आलेला असल्याने या नियमात सापडला नाही. शिवाय ध, भ यांसारख्या महाप्राण ध्वनींतला हकार गळाला: ‘सिंधू’तील ‘ध’चा ‘द’ झाला, तसाच भ्राताचा बिरादर. वसुलीचा आपला हप्तासुद्धा फारसीतला आठवडा, म्हणजे सप्ताहच होय.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या बोलीत ‘ह’ही उरला नव्हता, त्यांनी ‘इंडोस’ म्हटले आणि पुढे लॅटिनमार्गे ‘इंडिया’ युरोपभर रूढ झाले.

‘भारत’ या नावाची वाट वेगळी आहे. ते ऋग्वेदातील भरत या जनसमूहाशी जोडले जाते. ‘भा’ म्हणजे तेज, त्यात रत तो भारत, ही फोड संस्कृतात असल्याने विद्वत्तेची वाटते, परंतु आद्य स्वराला वृद्धी होऊन (‘अ’चा ‘आ’, ‘उ’चा ‘औ’) वंशवाचक शब्द बनतो हा व्याकरणाचा साधा नियम तिच्या गावीही नाही: कुरूचे कौरव, पांडूचे पांडव, भरताचे भारत.