युद्धकाळ, संग्रहालये आणि सेवकांचा पगार : खानदेशातून पाहताना

मे २०२५मध्ये केंद्र सरकारने नागरी संरक्षणाच्या सरावासाठी महाराष्ट्रातील जी ठिकाणे ठरवली, त्यांत भुसावळ होते. मोठे रेल्वे जंक्शन, भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचे वीज केंद्र, हे सारे एकाच टापूत असल्यावर ते नाव यादीत येणारच. भोंगा वाजल्यावर नागरिकांनी काय करायचे, ते अशा सरावात शिकवतात. दफ्तरखान्यातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कोण उचलणार, कुठे नेणार आणि उचलणाऱ्याच्या घरी पुढचे सहा महिने किराणा कशाने भरला जाणार, हे मात्र त्यात येत नाही. जगातही हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

खानदेशात जपायला बरेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांची टिपणे, कागद आणि पुढे जमत गेलेल्या मूर्ती व इतर जुन्या वस्तू तिथे आहेत. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३५मध्ये श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. रामदासी पोथ्यांचा मोठा ठेवा त्यात आहे. अमळनेरला १९१६पासूनचे तत्त्वज्ञान केंद्र आहे आणि जळगावला २०१२मध्ये गांधीतीर्थ सुरू झाले. जुन्या संस्था लोकवर्गणीवर आणि निःस्पृह माणसांच्या कष्टावर उभ्या राहिल्या. राजवाड्यांनी स्वतः नोकरी न करता गावोगाव हिंडून कागद जमवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये निघाला. त्यातली पत्रे पानिपतच्या काळातली, म्हणजे युद्धाच्या धामधुमीतलीच. ती सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली, कारण कुणीतरी ती बासनात बांधून ठेवली होती.

या परंपरेबद्दल आदर आहेच. पण तिच्यातून एक सवयही लागली: संग्रह सांभाळणाऱ्याने मानद काम करावे, फार तर तुटपुंज्या मानधनावर करावे. शांततेच्या काळात ते कसेबसे निभते. युद्धात नाही.

कराराच्या कागदावर माणूस पहिल्यांदा कधी आला, तर १५ एप्रिल १९३५ रोजी. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातील २१ देशांनी रोरिक करारावर सह्या केल्या. ज्यांच्या नावाचा हा करार, त्या चित्रकार निकोलस रोरिक यांचे घर आपल्याकडे, कुलू खोऱ्यातील नग्गरला होते. स्मारके, संग्रहालये आणि विद्यासंस्था तटस्थ मानाव्यात आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही तेच संरक्षण मिळावे, असे करार म्हणतो. त्यांच्या पोटापाण्याविषयी त्यात काही नाही.

दुसऱ्या महायुद्धात ही उणीव किती खोल आहे ते दिसले. पॅरिसचे लूव्र संग्रहालय २५ ऑगस्ट १९३९ रोजी डागडुजीच्या नावाखाली बंद झाले आणि ३ सप्टेंबरपर्यंत मुख्य कलाकृती शहराबाहेर गेल्या. एवढ्या थोड्या दिवसांत हे जमले, कारण कोणती वस्तू कोणत्या पेटीत आणि कोणत्या गाडीत, हे आधीच ठरले होते. त्याच शहरातील ज्यू द पोम संग्रहालयात रोझ व्हालाँ १९३२पासून बिनपगारी काम करत होत्या. त्या पगारी झाल्या १९४१मध्ये. नाझींनी लुटलेल्या चित्रांची आवक-जावक त्यांनी चोरून टिपून ठेवली. युद्धानंतर हजारो कलाकृतींचा माग लागला तो त्या टिपणांमुळे. जगातील एवढे मोलाचे नोंदीकाम जिने केले, तिला आधीची नऊ वर्षे संस्थेने पगार दिला नव्हता, ही गोष्ट संग्रहालयाच्या प्रत्येक विश्वस्ताने लक्षात ठेवावी.

लेनिनग्राडमध्ये पगाराची जागा रेशनने घेतली. १९४१च्या उन्हाळ्यात तिथल्या हर्मिटाज संग्रहालयातून दोन आगगाड्या भरून दहा लाखांहून अधिक वस्तू उरल पर्वताकडील स्वेर्दलोव्स्कला गेल्या. तिसरी गाडी निघण्याआधी शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून पाच आठवडे कारखान्यातील कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. नोकरदार, अवलंबित आणि मुलांना १२५ ग्रॅम. कोणाचे काम कोणत्या रकान्यात मोडते, यावर जगणे ठरत होते. तळघरात राहून संग्रह राखणाऱ्यांनी सुतारकामाचा सरस उकळून खाल्ला. युद्धात मदत वाटताना प्रशासन आधी रकाने आखते, आणि संग्रहालय त्यांत ‘अत्यावश्यक’ सहसा नसते. आजही हे तसेच आहे.

आपल्याकडचा अनुभव वेगळ्या अंगाने शिकवतो. जपानी बॉम्बच्या भीतीने १९४२मध्ये झूलॉजिकल सर्व्हे या प्राणी-सर्वेक्षण संस्थेचा संग्रह कोलकात्याहून वाराणसीला हलवला. १९४३मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि जपलेले नमुने पाण्याखाली गेले. हलवल्यावर काम संपत नाही, तिथून ते नव्याने सुरू होते. नवी जागा, नवी हवा, नवी कीड, आणि रोज पाहणारा माणूस.

बैरुतने हे फार महागात शिकले. १९७५च्या यादवीत राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख मॉरिस शेहाब आणि त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी जड पुतळे व शवपेट्यांभोवती काँक्रीट ओतून घेतले आणि लहान वस्तू तळघरात भिंत बांधून कोंडल्या. गोळीबारापासून वस्तू वाचल्या. पण वर्षानुवर्षे आत कुणी जाऊ शकले नाही, तळघरात पाणी साचले आणि दमटपणाने धातू गंजले.

करार झाले, पगार राहिला

१४ मे १९५४च्या हेग कराराने सांस्कृतिक ठेव्याच्या युद्धकालीन संरक्षणाची चौकट घातली; भारत १९५८पासून त्यात आहे. निळी-पांढरी ढाल हे त्याचे चिन्ह. कलम १५ म्हणते की ठेवा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचा मान राखावा, आणि ते शत्रूच्या हाती पडले तरी त्यांना आपले काम चालू ठेवू द्यावे. काम चालू ठेवण्याचा हक्क दिला, पण ते चालू असताना पगार कोणी द्यायचा ते लिहिले नाही. १९९९च्या दुसऱ्या पुरवणी करारात शांततेच्या काळातच याद्या करणे, आगीपासून बचावाची आखणी आणि वस्तू हलवण्याची तयारी ही कामे नावाने आली. एक निधीही ठरला. तोही मुख्यतः वस्तू आणि उपाययोजनांसाठी.

काबूलमध्ये या उणिवेची किंमत सेवकांनी स्वतः भरली. तिल्या तेपे येथे १९७८मध्ये सापडलेले वीस हजारांहून अधिक सुवर्णनग राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातील बँकेच्या तिजोरीत लपवले होते. १९९३मध्ये संग्रहालयावर रॉकेट पडले. पगार महिनोन्‌महिने थांबत राहिले, तरी माहिती असलेल्यांनी तोंड उघडले नाही आणि २००३मध्ये ते सोने जसेच्या तसे निघाले. या निष्ठेला नमस्कार. पण उपाशी माणसाच्या निष्ठेवर संरक्षणाची योजना उभी करणे अन्यायाचे आहे.

२००३मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू लुटल्या गेल्या. त्या धक्क्यानंतर तातडीचे निधी सुरू झाले: नेदरलँड्समध्ये प्रिन्स क्लॉस निधीची तातडीची शाखा २००३मध्ये, युनेस्कोचा वारसा आपत्कालीन निधी २०१५मध्ये, आणि जिनिव्हातील अलिफ प्रतिष्ठान २०१७मध्ये. गरजेप्रमाणे वळवता येणारा पैसा किती मोलाचा, हे माली देशातील टिंबक्टूने दाखवले. २०१२मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेले तेव्हा तिथले हस्तलिखितांचे ग्रंथपाल अब्देल कादेर हैदरा यांच्याकडे फोर्ड फाउंडेशनने ऑक्सफर्डला इंग्रजी शिकण्यासाठी दिलेले १२,००० डॉलर होते. परवानगी मागून त्यांनी ते हस्तलिखिते हलवण्याकडे वळवले: पत्र्याच्या ट्रंका, गाड्या, होड्या आणि वाहून नेणारी माणसे. ट्रंका राजधानी बामाकोला पोचल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेला कागद दमट शहरात आला. ट्रकचे भाडे एकदाच द्यावे लागते, राखणदाराचे मानधन दर महिन्याला.

माणसाला थेट पैसे देण्याची पद्धत ठळकपणे दिसली ती युक्रेनमध्ये. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाचे आक्रमण झाले आणि काही दिवसांतच ल्विव्हमधील एका संग्रहालयाच्या संचालक ओल्हा होंचार यांनी सहकाऱ्यांसह संग्रहालय संकट केंद्र उभे केले. आघाडीवरच्या आणि वेढलेल्या गावांतील सेवकांना अन्न, औषध आणि स्थलांतरासाठी छोट्या रकमा पोचवणे हे त्यांचे पहिले काम. याची गरज का पडली, ते कायद्यात दिसते. तिथल्या कामगार कायद्यानुसार काम थांबले तर मूळ पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम मिळते. पण मार्च २०२२च्या युद्धकालीन कायद्याने नोकरीचा करार स्थगित ठेवण्याची मुभा दिली, आणि त्या काळातील पगाराची भरपाई आक्रमक देशाने करायची असे ठरवले. तत्त्व म्हणून ते रास्त असेल. हातात मात्र काही पडत नाही. शिवाय अनेक संग्रहालये स्थानिक अंदाजपत्रकावर चालतात. गाव शत्रूच्या ताब्यात गेले की कोषागार बंद आणि पगारही बंद. शहरातून निघावे तर संग्रह उघडा पडतो, राहावे तर खायला नाही. २०२२च्या शरदात खेरसनच्या कलासंग्रहालयातून दहा हजारांहून अधिक कलाकृती नेल्या गेल्या. कोणत्या कलाकृती गेल्या हे आज सांगता येते, कारण तिथल्या सेवकांनी संग्रहाची नोंद जपून ठेवली.

पैसे पोचवताना काय चुकते

देणगीदाराच्या अर्जात ‘साहित्य’, ‘वाहतूक’, ‘दुरुस्ती’ असे रकाने असतात. पगार ‘प्रशासकीय खर्चा’त जातो आणि त्याला कात्री लागते. मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे गठ्ठे येतात आणि ते गुंडाळायला माणूस उरत नाही. दुसरी चूक पावत्यांची: बँक बंद, वीज नाही, तरीही सहीशिक्क्याचे बिल मागायचे. अशा वेळी रक्कम लहान ठेवून, दोन सहकाऱ्यांची साक्ष आणि नोंदवहीतील क्रमांक एवढ्यावर ती देणे बरे. तिसरी चूक सर्वांत धोकादायक: लाभार्थींची यादी जाहीर करणे. ताब्यातील गावात त्या यादीमुळे माणसाच्या जिवावर बेतते. सीरियातील पाल्मिराचे पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असद यांना ऑगस्ट २०१५मध्ये दहशतवाद्यांनी ठार मारले. ठेवा कुठे आहे हे ठाऊक असणे हाच धोका असतो. म्हणून यादी सांकेतिक क्रमांकांची असावी, आणि नावांची जुळणी एकाच विश्वासू व्यक्तीकडे, तीही सुरक्षित गावात.

आता हेच गणित खानदेशी दफ्तरखान्याला लावू. समजा हजार पोथ्या आहेत. पोथी उघडून पाहणे, क्रमांक जुळवणे, पहिल्या व शेवटच्या पानाचे छायाचित्र, रुमालात बांधणे, ट्रंकेच्या यादीत नोंद, या सगळ्याला दोघांच्या जोडीला बारा मिनिटे धरा. तासाला पाच, सहा तासांत तीस, म्हणजे चौतीस दिवस. दोन जोड्या लावल्या तरी सतरा. युद्ध सतरा दिवस आधी कळवून येत नाही. म्हणून क्रमांक आणि छायाचित्रे आधीच हवीत, म्हणजे फक्त बांधणी उरते. पाऊण मीटरचा चौकोनी रुमाल धरला तर साडेसातशे मीटर मांजरपाट लागेल. तो आधी धुऊन खळ काढावी, नाहीतर खळीला कसर लागते. जिनिंगचा कापूस हाताशी आहे म्हणून तो भरण म्हणून वापरू नये, सरकीचे कण किडीला बोलावतात. तीस इंची ट्रंक कागदाने गच्च भरली तर ऐंशी किलोच्या आसपास जाते आणि जिन्यात अडते. पंचवीस किलोच्या वर भरू नये. मे महिन्यात पत्रा तापतो, म्हणून ट्रंका उन्हाच्या भिंतीला टेकवू नयेत, आणि पांझरा, गिरणा किंवा तापीच्या पूररेषेत तर कधीच ठेवू नयेत.

ही सगळी कामे ज्याला जमतात तो मोडी वाचणारा, क्वचित महानुभावांची सांकेतिक सकळ लिपीही ओळखणारा सेवक असतो. कोणता रुमाल कुठला, हे अर्धे त्याच्या डोक्यात असते. तो मुलांकडे पुण्याला निघून गेला तर वस्तू असूनही नसल्यासारख्या. पाच-सहा सेवकांच्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, कारण मर्यादा वीस कर्मचाऱ्यांची, उपदानाची (ग्रॅच्युइटीची) दहाची. म्हणजे हातात गंगाजळी काही नाही.

बाहेरून मदत येईल या भरवशावर राहता येत नाही. परदेशी निधीला विदेशी योगदान कायदा, २०१० खालील नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला तीन वर्षे झालेली हवीत आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, आणि नोंदणी असलेल्या एका संस्थेला तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. त्यामुळे मोठी संस्था घेईल आणि धुळ्याच्या छोट्या संस्थेला वाटेल, हा मार्गही बंद.

उरतो आपला आपद्‌निधी. पाच सेवक, प्रत्येकी बारा हजार, सहा महिने : ३ लाख ६० हजार रुपये. अनुसूचित बँकेत मुदत ठेव म्हणून वेगळी ठेवावी, एका मोठ्या पावतीऐवजी साठ हजारांच्या सहा, म्हणजे दर महिन्याला एकच मोडावी लागेल. तिचा हेतू ‘आपत्तीत सेवकांचे वेतन’ असा ठरावात शब्दशः लिहावा. ‘संस्थेच्या गरजा’ असे लिहिले की पहिल्याच वर्षी ती छताच्या गळतीवर जाते. आणि सह्यांचे बघावे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार तिघेही एकाच पेठेत राहत असतील आणि तिघांपैकी दोघांची सही लागत असेल, तर त्या पेठेतून बाहेर पडावे लागल्यावर ठेव मोडणार कोण? एक सही गावाबाहेरच्या विश्वस्ताची ठेवावी, आणि तिचा नमुना बँकेत आजच द्यावा.