'कस्टम रोबो अरीना' : पार्श्वभूमी

निंटेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तयार झालेला 'कस्टम रोबो अरीना' हा व्हिडिओ खेळ जपानमध्ये ऑक्टोबर २००६ मध्ये, अमेरिकेत मार्च २००७ मध्ये आणि युरोपात त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाजारात आला. अमेरिकेतील खेळाडूंच्या लेखी तो 'कस्टम रोबो' मालिकेतील दुसरा खेळ होता, युरोपातील खेळाडूंच्या लेखी पहिला, आणि प्रत्यक्षात तो पाचवा होता. या खेळाविषयी आजही जे उलटसुलट बोलले जाते, त्यातील बरेचसे या एका गोंधळातून आलेले आहे.

सुटे भाग जोडून खेळणे तयार करायचे आणि ते दुसऱ्याच्या खेळण्याशी भिडवायचे, ही हौस जपानमध्ये जुनी आहे. तिथे १९८० पासून यंत्रमानवांची प्लास्टिकची जुळणी-प्रतिरूपे आणि १९८२ पासून बॅटरीवर धावणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या मुलांच्या हाती होत्या. भाग बदलता येणाऱ्या रोबोंवर बेतलेला 'मेदारोत' हा भूमिकाप्रधान खेळही १९९७ मध्ये गेम बॉय या हातातल्या खेळयंत्रावर आलेला होता.

मालिकेचा पहिला भाग डिसेंबर १९९९ मध्ये निंटेंडो ६४ या घरगुती खेळयंत्रावर आला आणि त्यातच लढतीचा साचा कायम झाला. रोबोचे धड, बंदूक, बॉम्ब, पॉड आणि पाय असे पाच भाग खेळाडू निवडतो. बंदूक समोर मारा करते, बॉम्ब अडथळ्यावरून पलीकडे पडतो, पॉड जमिनीवरून शत्रूच्या मागावर जाऊन फुटतो, आणि या तिन्हींचा मेळ पायांच्या चालीशी घालावा लागतो. लढतीच्या आरंभी रोबो घनाच्या रूपात तोफेतून मैदानात फेकला जातो आणि फाशाप्रमाणे वर आलेल्या आकड्यावर तो किती लवकर उभा राहणार हे ठरते. मार खाऊन कोसळलेला रोबो उठताच काही क्षण त्याला इजा होत नाही. त्यामुळे शत्रूला नुसते पाडणे पुरत नाही, तो उठेल तेव्हा आपण कुठे असू याचाही विचार करावा लागतो. बुद्धिबळात शोभावी अशी ही बाब आहे, आणि मालिकेचे खरे सामर्थ्य कथेपेक्षा इथेच आहे.

नोव्हेंबर २००० मध्ये 'व्ही२' आणि जुलै २००२ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी द्विमितीय मांडणीचा 'जीएक्स' आला. हे तिन्ही भाग त्या काळात जपानबाहेर गेले नाहीत. संवादांचा पसारा मोठा आणि 'व्ही२' निघाला तेव्हा निंटेंडो ६४ ची सद्दी संपत आलेली, हे पाहता त्या भागापुरता हा निर्णय समजण्याजोगा आहे. 'जीएक्स'च्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण गेम बॉय अ‍ॅडव्हान्स तेव्हा जगभर जोमात खपत होते.

वादाचा खरा मुद्दा २००४ मधला आहे. गेमक्यूब या निंटेंडोच्या पुढच्या घरगुती यंत्रासाठीचा चौथा भाग जपानमध्ये मार्चमध्ये 'बॅटल रेव्होल्यूशन' या उपशीर्षकासह निघाला. मे महिन्यात अमेरिकेत पोहोचताना प्रकाशकाने ते उपशीर्षक गाळले आणि खेळाचे नाव नुसते 'कस्टम रोबो' ठेवले. नव्या ग्राहकाला आधीच्या न पाहिलेल्या भागांची धास्ती वाटू नये, हा हिशेब त्यामागे असावा, आणि विक्रीच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्यामुळे चार वर्षे घासूनपुसून तयार झालेली लढतपद्धती परदेशी समीक्षकांपुढे नवखा प्रयोग म्हणून उभी राहिली, आणि त्यांनी ती रेंगाळणारे संवाद व जुनाट चित्रण यांवरूनच तोलली. शिवाय १९९९ चा मूळ खेळ आणि २००४ चा अमेरिकी खेळ यांचे नाव एकच झाल्याने पुढच्या याद्यांमध्ये घोळ झाला तो झालाच. युरोपात तर हा भागही गेला नाही. जपानमध्येही आकडा लावला गेला तो केवळ दुसऱ्या भागाला. पाचवा भाग तिथे 'गेकितो! कस्टम रोबो' या नावाने आला.

'अरीना'ने 'जीएक्स'ची द्विमितीय वाट सोडून हातातल्या यंत्रावर पुन्हा त्रिमितीय मैदान आणले. नव्या शहरात राहायला आलेला शाळकरी मुलगा, त्याचा गट आणि त्याच्या स्पर्धा ही चौकट साधी आहे. ती काहींना बालिश वाटली, पण शिकाऊ खेळाडूला एकेक भाग पारखायला ती सवड देते. लढतींमुळे रोबो मळतो, त्याची कार्यक्षमता घसरते आणि मग स्टायलसने, म्हणजे यंत्रासोबतच्या छोट्या काडीने, पडद्यावर त्याला पुसून काढावे लागते. स्पर्शपडद्याचा असा वापर पुष्कळांना वेळखाऊ वाटला. खेळण्याची निगा राखण्याच्या जुन्या सवयीशी मात्र तो नेमका जुळतो. गेमक्यूबवर चौघे एकत्र लढू शकत होते, 'अरीना'तील सामना दोघांमध्येच होतो. पण त्याच्या मोबदल्यात इंटरनेटवरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची सोय मिळाली.

ती सोय डीएसची जाळेसेवा मे २०१४ मध्ये बंद झाल्यावर संपली. दरम्यान निंटेंडोच्या पात्रांना एकमेकांशी लढवणाऱ्या २००८ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' या खेळामध्ये मालिकेतला रे हा रोबो मदतनीस म्हणून दिसला होता, परंतु नवा भाग निघाला नाही. मालिकेच्या मूळ कर्त्याचा सहभाग असलेला 'सिनॅप्टिक ड्राइव्ह' हा खेळ मे २०२० मध्ये निंटेंडोचे स्विच हे यंत्र आणि संगणक यांवर आला. त्याने भाग निवडून लढण्याचा गाभा राखला आणि कथाविभाग संपूर्ण वगळला. २००४ मध्ये ज्या संवादांना समीक्षक कंटाळले होते, त्यांच्याच अभावी हा खेळ तुटपुंजा असल्याची तक्रार या वेळी झाली.